हसू कापलेला आवाज

तोंदीबोन, उत्तर काठ
११ नोव्हेंबर १९६३

बेडूकखाऊ इसिफू यास,

तुझा मालक सेयनी मारू याचा सलाम. सलाम तुला नाही, बिबाता आत्याला आहे. तिला तो पोचता कर आणि मग पुढचं वाच.

माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसलं की नदीपलीकडं तुझ्या होड्यांच्या कारखान्यातला डांबराचा धूर दिसतो. वारा इकडचा असला तर लाकूड तासणारा तुझा वाकसही ऐकू येतो. आणि मी तुला पत्र लिहितोय! तू माझ्या पोराच्या बारशाहून गेलास आणि आठवड्याच्या आत, नदीमधलं गायबेट कुणाचं या भांडणावरून, पुलावर शिपाई बसले. आता आमच्या नायजरमधून तुमच्या दाहोमीत यायला चिठ्ठी लागते, चिठ्ठीला शिक्का लागतो, आणि शिक्केवाला राजधानीत. होड्यांना तर सरळ मनाई. म्हणून हे पत्र फुलानी गवळण दिक्कोच्या दुधाच्या तुंब्याखालून येतंय. तिच्या गाई गायबेटावर चरतात. गाईंकडं अजून कुणी चिठ्ठी मागत नाही.

पोरगं मजेत आहे. कान मात्र तुझ्यावर गेलेत, सुपाएवढे.

आता गंमत ऐक. बारशाला संसदेतले आपले डेप्युटी झाकू आले होते, त्यांच्याबरोबर भोंग्याच्या गाडीचा लावाल होता, आठवतो? आवाज पकडायचं यंत्र घेऊन कोपऱ्यात बसलेला. तू मटण संपवून उठलास आणि नेहमीचं सुरू केलंस, ‘ऐका रे कांदेचोरांनो! गायबेट माझं, नदी माझी, आणि हे पोरगंही माझाच नोकर. तोंदीबोनची माणसं म्हणजे मगरीनं चावून थुंकलेली. उद्या येतो, तुमच्या गाई हाकून नेतो आणि तुमच्या बायकांना माझे मासे साफ करायला बसवतो!’ बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. लावाल राजधानीत वाढलेला, आपली भाषा त्याला बाजारापुरती येते. मला विचारतो, ‘शेठ, हा माणूस एवढा का चिडलाय?’ म्हटलं, ‘चिडलाय कुठं? आतेभाऊ आहे माझा. आत्याच्या पोरानं मामाच्या पोराला शिव्या नाही घातल्या तर आमच्यात हकीम बोलावतात.’ तोही हसला. म्हणाला, आमच्याकडंही असंच असतं.

तर परवा बाजारात त्याची गाडी आली आणि भोंग्यातून थेट तुझा आवाज! लोक ओळखून हसले. पण मी तुला जे झणझणीत उत्तर दिलं होतं, ते त्यात नव्हतं. कान देऊन ऐकलं, तर बायकांचं हसणंही नव्हतं. तुझं बोलणं संपलं की नुसती खरखर. यंत्र जुनं असणार.

आत्याचा खोकला कसा आहे?

तुझा मालक,
सेयनी


कोयराबेरी, दक्षिण काठ
२६ नोव्हेंबर १९६३

माझ्या बिनपगारी नोकरा,

तुझं पत्र दुधात भिजून आलं. तुझं बोलणं आधीच नासकं, त्यात दूध.

पोराचे कान माझ्यावर गेले हे त्याचं नशीब. अक्कल तुझ्यावर गेली नाही ना, एवढं बघ. मोठा झाला की माझ्याकडं पाठव, होडीतलं पाणी उपसायला लावतो.

माझा आवाज तुमच्या बाजारात वाजतो म्हणतोस. मग सांग त्या डेप्युटीला, ऐकणाऱ्या प्रत्येकानं मला एक एक कांदा पाठवावा. इथं वेगळीच मजा झाली. आमच्याकडंही राजधानीहून एक बडे साहेब आले. पांढरा कोट, काळा चष्मा. सभेत विचारलं, ‘शत्रूला त्याच्या घरात जाऊन सुनावणारा तो वाघ कुठं आहे?’ मी आपला मागं, डांबरानं माखलेल्या हातांनी बसलेला. लोकांनी मला ढकलत पुढं नेलं. साहेबांनी माझा हात हातात घेतला, स्वतःचा कोट काळा झाला तरी सोडला नाही. मग मला खुर्ची दिली. सेयनी, मी आयुष्यभर होड्यांमध्ये उकिडवा बसलो. खुर्चीवर कसं बसतात तेच कळेना.

आई म्हणते, हे सगळं माहेरच्यांची भांडणं आहेत, थंडी सरली की मिटतील. तिनं तुला चघळायला म्हणून कोलाची फळं ओल्या पानात गुंडाळून मडक्यात ठेवलीत. मला हात लावू देत नाही. खोकला आहेच. परवा म्हणाली, ‘मी गेले की तो चोरटा रीतीप्रमाणे जनाज्यापुढं आडवा पडून माहेरचा हक्क मागेल बघ. त्याच्यापासून माझी बांगडी सांभाळ.’ आणि खोकेपर्यंत हसली.

तू ये. चिठ्ठी चोर, शिक्का चोर, तुला काय अवघड आहे?

तुझा खरा मालक,
इसिफू


तोंदीबोन
२१ डिसेंबर १९६३

बेडूकखाऊ,

शिव्या नंतर देतो. आधी ऐक.

यंत्र जुनं नव्हतं. तुझा आवाज आता दर बाजारात वाजतो, आणि तो वाजायच्या आधी एक माणूस गंभीर आवाजात सांगतो, ‘नागरिकहो, पलीकडचे आपल्याबद्दल काय बोलतात ते ऐका.’ पहिल्यांदा लोक हसले होते. मग नुसते ऐकायला लागले. काल दाहोमीच्या शिंप्याचं, आपल्या फेलिक्सचं, दुकान फोडलं. त्यानं शिवलेलेच सदरे घालून आले होते फोडायला. फेलिक्स बायको-पोरं घेऊन पुलावर गेला. त्याला म्हणे जायला चिठ्ठी लागत नाही.

मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? म्हातारा बुबे बारशाला माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता. तुझं बोलणं ऐकून त्याच्या नाकातून चहा आला होता. काल तोच मला म्हणतो, ‘तेव्हा आपण हसलो खरं. पण तू त्याच्या डोळ्यांत बघितलं होतंस का, सेयनी?’ म्हटलं, ‘काका, तुम्हाला पाच हातांवरचा उंट दिसत नाही, इसिफूचे डोळे कुठले दिसले?’ तर उठून गेला.

मग मी डेप्युटींच्या घरी गेलो. खजुराची टोपली नेली. त्यांनी जवळ बसवलं, पोराची चौकशी केली. म्हटलं, ‘साहेब, तो भोंग्यातला इसिफू माझा आतेभाऊ. तुम्ही त्याच्या शेजारी जेवलात.’

‘मला का माहीत नाही?’ म्हणाले. ‘मलाही आतेभाऊ आहेत, एकाहून एक शिवराळ.’

‘मग लोकांना सांगा की.’

‘काय सांगू? गेल्या वर्षापर्यंत आमच्या बैठकीत मोठे लोक नकाशावर बोट ठेवून विचारायचे, हा डाग कसला? आज राजधानीतला हमालसुद्धा गायबेटासाठी जीव द्यायला तयार आहे. हे तुझ्या आतेभावानं केलं. उद्या सरकारला पलीकडच्यांशी ताठ मानेनं बोलायचं, तर मागं लोक उभे पाहिजेत. हसणारा माणूस उभा राहत नाही रे, सेयनी. खाली बसतो.’

मी स्वतः धक्क्यावर हमाली केलेली. हमालाला जीव स्वस्त असतो, हे यांना कुणी सांगितलं?

मग म्हणाले, ‘काळजी करू नकोस. मिटेल. आम्ही वरची माणसं एकमेकांना ओळखतो. तो काळ्या चष्म्याचा आणि मी एकाच वसतिगृहात होतो.’

इसिफू, ज्या बेटासाठी हे चाललंय ते पुराच्या दिवसांत पाण्याखाली असतं. दिक्को म्हणते, तिच्या गाईंनाही तिथलं गवत फारसं आवडत नाही.

कालपासून पूल पुरताच बंद आहे. धूर दिसतो तुझा. एखादी शिवी पाठव, घसा कोरडा पडलाय.

तुझाच मालक,
सेयनी


कोयराबेरी
२० जानेवारी १९६४

आदरणीय सेयनी मारू यांस,

आपलं पत्र मिळालं. आपण व आपलं कुटुंब कुशल असाल अशी आशा आहे. आमच्याकडं सर्व ठीक आहे. आईची प्रकृती थोडी नरम असते.

फेलिक्स शिंपी आमच्या गावात राहतो. त्याच्याकडून आपल्याकडील परिस्थिती समजली. आवाज पकडणारं यंत्र आपल्या घरात, आपल्या परवानगीनं ठेवलं होतं, आणि त्या गाडीचं पेट्रोलही आपल्याच दुकानातून जातं, हेही समजलं. आमच्या साहेबांनी मला तसं पूर्वीच सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला नव्हता.

सध्याच्या दिवसांत पत्रव्यवहार न केलेला बरा.

आपला,
इसिफू


तोंदीबोन
२ फेब्रुवारी १९६४

इसिफू,

तुझं पत्र वाचून बायकोनं विचारलं, कोण गेलं? माझं तोंडच तसं झालं होतं.

आदरणीय? मी मेलोय का? तुझ्या मामाच्या पोटी जन्मल्यापासून मला तू गाढव म्हणालास, चोर म्हणालास, माझ्या लग्नात सगळ्यांसमोर माझी टोपी पळवून बकरीला घातलीस. आणि आता ‘आपण व आपलं कुटुंब’? असं तर मी आयकर मागायला आलेल्या माणसाला लिहितो!

ऐक. यंत्र माझ्या घरात होतं, खरं आहे. डेप्युटी पाहुणे म्हणून आले, त्यांच्यामागून ते यंत्रही आलं. पाहुण्याच्या माणसाला बाहेर बस म्हणतोस का तू? पेट्रोल माझ्याकडूनच जातं, तेही खरं. पंचक्रोशीत दुसरा पंप आहे कुठं? शिपाईही माझ्याकडूनच घेतात, दवाखान्याची गाडीही. मी लावालला बाजूला घेऊन विचारलं, हसू का कापलंस रे? मान खाली घालून म्हणाला, ‘शेठ, कात्री माझी, हात त्यांचा.’

तुझा काळा चष्मा आणि माझा झाकू एका खोलीत झोपलेले लोक आहेत. ते एकमेकांवर चिडले तर संध्याकाळपर्यंत. आपल्याला मात्र चिडून राहायला सांगतात. तू खुर्चीवर बसलास म्हणून मी तुझ्यावर चिडलो का? उलट दुकानात सांगितलं, आमच्या इसिफूला खुर्ची दिली, म्हणजे तिकडं खुर्च्या फार झाल्या.

वारा रोज इकडचाच आहे आणि तुझा वाकस ऐकू येत नाही. काम बंद आहे का? आत्या कशी आहे? ‘थोडी नरम’ म्हणजे काय ते लिही.

मोठं पत्र नको. एक शिवी लिही. ‘गाढवा’ एवढंच लिहिलंस तरी चालेल. मी समजेन.

सेयनी


कोयराबेरी
२६ फेब्रुवारी १९६४

आदरणीय सेयनी,

काल पहाटे आई गेली. दुपारच्या नमाजानंतर मातीही झाली.

शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती. पण दाराशी कुणी आलं की विचारायची, ‘चोर आला का?’ शेजारच्या बायकांना वाटलं तिला भीती वाटतेय. त्यांनी दार लावून घेतलं.

घरापासून कबरस्तानापर्यंत कुणी आडवं पडलं नाही. कुणी जनाजा अडवला नाही. कुणी म्हणालं नाही की ही आमची आहे, नेऊ देत नाही, आधी आमचा हक्क द्या. गल्लीच्या वळणावर माझेच पाय थांबले. मागच्यांनी विचारलं, काय झालं? मी काय सांगणार? आम्ही सरळ चालत गेलो. एवढ्या लवकर कुणाला नेलेलं मी बघितलं नाही.

कोलाचं मडकं तसंच आहे.

इसिफू


तोंदीबोन
७ एप्रिल १९६४

इसिफू,

तुझं पत्र मी दुकान बंद करून वाचलं. तिनं मला लहानपणी नदीतून केसाला धरून बाहेर काढलं होतं, तू हसत होतास काठावर. पुलावर गेलो. शिपायाला म्हटलं, माझी आत्या गेली. तो आपल्याकडचाच पोरगा, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, पण बंदूक आडवी धरली. म्हणाला, ‘काका, मी सोडलं तरी समोरचा गोळी घालेल.’ समोरचाही तसाच एक पोरगा उभा होता, उन्हात डुलक्या काढत.

परवा तिचा चाळिसावा होता. तू तिकडं चटया घालणार, भात शिजणार, माणसं येणार आणि माझी जागा रिकामी. सकाळपासून कशात जीव लागेना. तेवढ्यात लावाल पेट्रोल घ्यायला आला. हल्ली त्याला रोज काठावर गाडी लावून तुझा आवाज वाजवायचा हुकूम आहे. मी म्हटलं, ‘लावाल, तोच तोच आवाज ऐकून लोक कंटाळले. पलीकडच्यांना आपल्या जनतेचं उत्तर नको का? मी देतो.’ म्हणाला, ‘कुणाला देणार उत्तर?’ म्हटलं, ‘त्याच माणसाला.’ आणखी काही न विचारता त्यानं बोलायची नळी काढून दिली.

तू ऐकलंस की नाही, मला माहीत नाही. वारा तुझ्याकडं वाहत होता. न ऐकलं असलंस तर म्हणून लिहितो.

मी नळी हातात घेतली आणि वाळूत आडवा झालो. खरंच झालो, नवा झब्बा घालून. आणि ओरडलो, ‘ए इसिफू! ए बेडूकखाऊ! मला न विचारता माझ्या आत्याला कुठं नेलंस रे? ती आमच्या काठाची, आमच्या दुधावर वाढलेली, तुम्हाला फक्त वापरायला दिली होती! परत कर! होड्या बांधतोस म्हणे. तुझ्या होडीत बेडूकसुद्धा देवाचं नाव घेऊन बसतो! मी इथं आडवा पडलोय. माझ्या अंगावरून ओलांडून जायची हिंमत असेल तर जा. कोलाचं मडकं आणून दिल्याशिवाय मी उठत नाही!’

आधी धुणं धुणाऱ्या बायका तशाच वाकून राहिल्या. मग म्हातारा बुबे फिस्सकन हसला. तोच बुबे! म्हणाला, ‘अरे, बिबाता गेली? आणि या गाढवानं आत्ता जनाजा अडवलाय?’ मग बायका. मग पुलावरचे शिपाई. मी मात्र हसत नव्हतो. वाळूत तोंड घालून पडलो होतो, तिथं लोकांना काय दिसणार.

डेप्युटींना कळलंच. वाटलं, गेलो आता. तर त्यांचा निरोप आला: शाब्बास, अशा जनभावनेची गरज आहे, रोज सूर्यास्ताला वाजवा! त्यांना फक्त एवढंच सांगितलं गेलंय की तोंदीबोनच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यानं पलीकडच्यांकडून आपलं माणूस परत मागितलं. तेव्हा मी आता रोज संध्याकाळी तुला शिव्या देतो. लावालनं तो आवाज पकडून ठेवलाय आणि यावेळी हसू कापलेलं नाही. म्हणतो, कात्री बोथट झाली.

तू ऐकलंस का, इसिफू?

सेयनी


कोयराबेरी
१९ एप्रिल १९६४

माझ्या बिनपगारी, मगरीनं थुंकलेल्या, कांदेचोर नोकरा,

लाज नाही वाटत? चाळीस दिवस उशिरा येऊन जनाजा अडवतोस? तुझी गाय व्यायली तरी तू उशिराच पोचशील!

मौलवींची दुआ चालली होती. सगळे हात वर करून बसलेले. तेवढ्यात नदीवरून तुझा तो फाटका आवाज. ‘वापरायला दिली होती’ ऐकलं आणि माझे वर केलेले हात तोंडावर आले. मी हसलो, सेयनी. आई गेल्यापासून मी रडलोही नव्हतो, सगळे म्हणत होते वाघ आहे, वाघ आहे. मी इतका हसलो की मौलवींनी दुआ थांबवली, आणि मग मला रडू आलं, आणि ते थांबेना. फेलिक्स शिंप्यानं मला धरून ठेवलं. तोही हसत होता. म्हणाला, ‘सेयनीशेठचा झब्बा माझ्या हातचा, वाळूत खराब केला असणार.’

मी खुर्चीवर बसून तुझ्याबद्दल बरंच काही ऐकलं आणि मान डोलावली. खुर्ची परत केली. पाठ दुखायची तिच्यावर.

आमचे काळ्या चष्म्याचे साहेब धावत आले. ‘शत्रूनं नाव घेऊन तुझा अपमान केलाय! उत्तर दे!’ म्हटलं, देतो की. त्यांनी भोंगा लावून दिला, त्याच्या तारा ताणायला माणसं दिली. त्यांना आमच्या भाषेतलं एक अक्षर समजत नाही, ‘सेयनी’ एवढं कळलं की मान हलवतात. आता तुझं वाजून झालं की माझं लागतं. संध्याकाळी दोन्ही काठांवर माणसं चटया घेऊन येतात. परवा तुझ्याकडून बायकांचं हसणं इथपर्यंत ऐकू आलं, आणि आमच्याकडच्या त्यावर हसल्या. दोन्ही सरकारं पेट्रोल जाळून आपली बोलणी करून देताहेत.

पूल बंदच आहे. होडीवर अजून गोळी झाडतात. ते काही आपल्या शिव्यांनी उघडायचं नाही, हे मलाही कळतं. पण कालपासून मी वाकस हातात घेतलाय. वारा तुझ्याकडचा असेल तेव्हा ऐक. मोठी होडी बांधतोय, तुझ्यासारखा जाडा माणूस मावेल अशी. बुडाली तर दोष माझा नाही, तुझ्या पोटाचा.

कोलाची फळं सुकून लाकूड झालीत. पण मी टाकली नाहीत आणि कुणाला हातही लावू देत नाही. आईनं ती चोरासाठी ठेवलीत. ती चोरानंच येऊन न्यायची.

तोवर तू आडवाच राहा. तूच म्हणालास, मडकं हातात आल्याशिवाय उठत नाही. खबरदार उठलास तर! मी रोज संध्याकाळी बघतोय इकडून.

तुझा एकुलता एक मालक,
इसिफू